आपल्या माणसाला आपल्या घरात राहता यावं म्हणून: ठाणे-नवी मुंबईत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वर्तकनगर अशा भागांतून मला अधूनमधून फोन येतात. कुणाच्या वडिलांना पक्षाघात झालेला असतो, कुणाची मुलगी अठरा वर्षांची होऊन विशेष शाळेतून बाहेर पडलेली असते, कुणाच्या नवऱ्याची दृष्टी गेलेली असते. पहिला प्रश्न बहुतेक सगळ्यांचा सारखाच असतो: 'ताई, एखादी चांगली संस्था सांगा ना.' मी उलट विचारते, 'त्यांना स्वतःला काय हवंय? विचारलंत का?' आणि पलीकडे जरा वेळ शांतता पसरते.

आमच्या घरीही तेच झालं होतं. माझ्या धाकट्या भावाचा घोडबंदर रोडवर बाइकचा अपघात झाला आणि कंबरेखालची हालचाल गेली. पहिलं वर्षभर आम्ही त्याच्यासाठी सगळं ठरवलं, त्याला सोडून. आज तो ऐरोलीत स्वतःच्या भाड्याच्या घरात राहतो, नोकरी करतो. तिथवर पोहोचताना जे कळलं ते खाली क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो चुकल्यामुळे आमचा बराच वेळ आणि पैसा गेला.

पहिलं काम: दिवसाचा कागद

संस्थेला फोन करण्याआधी एक वही घ्या. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा बंद करेपर्यंत जी जी कामं होतात ती एकाखाली एक लिहा. सांगणार ज्याचं अपंगत्व आहे तो किंवा ती, तुम्ही फक्त लिहून घ्यायचं. बोलता येत नसेल तर खुणा, चित्रं, मोबाइलवरचे फोटो, जे चालेल ते वापरा. मग प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: स्वतः जमतं, साधन मिळालं तर जमेल, माणूस लागेलच.

भावाच्या यादीत एकतीस कामं निघाली. आमच्या मते त्यातल्या एकोणीस कामांना माणूस लागत होता. त्याने यादी परत वाचली, स्वतः खुणा केल्या, आणि माणूस लागणारी कामं उरली सहा.

चहाचंच बघा. व्हीलचेअरवर बसलं की ओटा छातीशी येतो आणि गॅसची ज्योत तोंडासमोर, म्हणून आई त्याला स्वयंपाकघरात फिरकू देत नव्हती. आम्ही खुर्चीचे हात खाली सरकतील इतक्या उंचीचं एक टेबल केलं, त्यावर इंडक्शन ठेवलं, साखर-चहापत्तीचे डबे कोपराच्या उंचीला आणले आणि दूध फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. गाळताना पातेलं हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घालायचं, ही युक्ती त्याचीच. माणूस लागणाऱ्या कामांतून एक ओळ खोडली गेली.

हा कागद जपून ठेवा. पुढे प्रत्येक संस्थेत, प्रत्येक डॉक्टरकडे तोच घेऊन जायचं आहे.

दुसरं काम: यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. कोणतं अपंगत्व धरलं जातं हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो. हा कायदा २०१६चा. तो १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. ऑटिझम, मानसिक आजार, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातून आलेलं अपंगत्व, हे सगळं यात येतं. 'आमचं यात बसत नाही' असं गृहीत धरून घरी बसू नका.

बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र आणि कार्ड, दोन्हींचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. त्यातच तपासणीसाठी रुग्णालय निवडता येतं. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४०च्या खाली पांढरं, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं.

दोन सूचना अनुभवाच्या. आधार कार्डावर नाव जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच अर्जात भरा. भावाच्या नावात एका अक्षराचा फरक पडला आणि बँकेपासून तहसीलपर्यंत सगळीकडे अडलं. दुसरं, तपासणीला जाताना जुने रिपोर्ट, एमआरआय, डिस्चार्जचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या आणि पाण्याची बाटली विसरू नका. रांगेत वेळ जातो. कुणी 'लवकर करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

तिसरं काम: टेप घेऊन घर मोजा

घर दुरुस्त करायला पैसे किती लागतील या धास्तीने बरेच जण हा भाग शेवटी ठेवतात. मला वाटतं हा आधी हवा. संस्थेत शिकलेलं कौशल्य घरच्या उंबरठ्यावर अडलं तर शिकूनही हात रिकामेच राहतात.

आमच्या संडासाचा दरवाजा २३ इंच होता, खुर्ची २५ इंच. दोन इंचांसाठी सात महिने भाऊ दिवाणावरच भांडं वापरत होता आणि ते उचलायला आई. त्याने एकदाही तक्रार केली नाही, पण रात्रीचं पाणी पिणं बंद केलं होतं. ते मला फार उशिरा कळलं. शेवटी सुताराने अर्ध्या दिवसात चौकट काढली, भिंतीच्या बाहेरून सरकता दरवाजा लावला आणि कमोडशेजारी दोन ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचे दांडे, पक्के केले. बार भिंतीच्या विटेत नीट बसवून घ्या. नुसत्या लादीवर स्क्रूने लावलेला बार वजनाने निघतो आणि माणूस पडतो. चिकटवायचे, हवेच्या दाबाने धरणारे बार मिळतात, ते अजिबात घेऊ नका.

रॅम्पचं गणित सोपं आहे: चढ एक फूट असेल तर उतार बारा फूट हवा. म्हणजे सोसायटीच्या दाराशी सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प, तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा. यापेक्षा खडा केला तर दिसायला रॅम्प, वापरायला घसरगुंडी. दोन्ही बाजूंना कठडा आणि शेवटी खुर्ची वळवायला सपाट जागा ठेवा. जुन्या इमारतीत जागा नसते, पार्किंग जाईल म्हणून विरोध होतो. कमिटीला पत्र लेखी द्या, पोच घ्या, सोबत मापाचं चित्र जोडा. आमच्या मीटिंगमध्ये दोन आजोबा उठून म्हणाले, 'आमच्या गुडघ्यांनाही होईल की.' विषय तिथेच मार्गी लागला. रॅम्प एका घरासाठी मागू नका, इमारतीतल्या सगळ्यांचे गुडघे मोजा.

दृष्टी गेलेल्यांच्या घरात तोडफोड नको असते, शिस्त हवी असते. वस्तू जागच्या जागी, कपाटाची दारं अर्धी उघडी न ठेवणं, गॅसच्या बटणावर उंचवट्याची खूण. मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू करून द्या, संगणकावर तेच काम करणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घाला. कर्णबधिरांच्या घरात बेल वाजली की लुकलुकणारा दिवा लावता येतो.

चौथं काम: साधन मापाचं घ्या

एका शिबिरात भावाला व्हीलचेअर मोफत मिळाली. आम्ही आनंदाने घरी आणली. ती त्याच्या मापापेक्षा मोठी होती. चाकापर्यंत हात पोहोचवायला त्याला खांदे उचलावे लागायचे. चार महिन्यांत खांदा धरला आणि दोन्ही बाजूंनी अंग सुटं राहिल्याने पाठ वाकडी व्हायला लागली. ज्याच्या पायांचं काम खांद्यांवर आलंय, त्याचा खांदा गेला की सगळंच थांबतं. म्हणून बसायची रुंदी, पाठीची उंची, पायपट्टीची लांबी मोजल्याशिवाय खुर्ची घेऊ नका, मोफत असली तरी.

मोजमाप आणि सल्ल्यासाठी महालक्ष्मीला हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही जुनी सरकारी संस्था आहे, १९५५पासूनची. श्रवणयंत्र आणि वाचा उपचारांसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. ती बहुधा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यात बनलेली असतात. जयपूर फूट (कृत्रिम पाय) आणि कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) यांसाठी मुंबईतली रत्ननिधी चॅरिटेबल ट्रस्ट काम करते. मणक्याला इजा झालेल्यांनी शीवचं पॅराप्लेजिक फाउंडेशन आणि नीना फाउंडेशन ही दोन नावं लिहून ठेवावीत. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा, कसे टाळायचे, लघवीच्या नळीची स्वच्छता, खुर्चीतून पलंगावर फळीच्या आधाराने कसं सरकायचं, हे तीच वाट चाललेल्या माणसाकडून शिकणं वेगळं असतं. भावाला फिजिओथेरपिस्टने फळीवरून सरकायला शिकवलं. पण एकट्याने पँट कशी चढवायची हे त्याला दुसऱ्या व्हीलचेअरवाल्याने दाखवलं, दहा मिनिटांत.

पाचवं काम: संस्था निवडणं

आता फोन करा. आपल्या भागात कुठून सुरुवात करता येईल ते सांगते.

वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. विशेष शिक्षण, थेरपी, प्रशिक्षण असं बरंच काही तिथे एका छपराखाली चालतं. ते पालिकेचं आहे, पण वेगवेगळ्या सेवाभावी संस्थांची माहितीही तिथे मिळते. खारघरला बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मूळ संस्था सिकंदराबादची. ठाण्यात महापालिकेची जिद्द ही विशेष शाळा आहे. मानसिक आजारांसाठी आयपीएच ही संस्था ठाण्यात १९९०पासून उभी आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचं निवासी घर आहे. आपल्यानंतर मुलांचं काय, या प्रश्नावर पालकांनीच एकत्र येऊन काढलेली ती वाट आहे. अंधांसाठी वरळीचं नॅब, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी वांद्र्याची अडॅप्ट. अडॅप्टचं जुनं नाव स्पास्टिक्स सोसायटी, आणि जुन्या रिक्षावाल्यांना तेच माहीत असतं.

नाव मोठं आहे म्हणून तिथेच जा असं मी सांगणार नाही. भेटायला जा, अर्धा दिवस बसा आणि पुढच्या गोष्टी बघा. तिथली माणसं तुमच्याशी बोलतात की ज्याच्यासाठी आलात त्याच्याशी? एका ठिकाणी भाऊ समोर बसलेला असताना मला विचारलं गेलं, 'यांना साखर चालते का?' आम्ही तिथे परत गेलो नाही. तिथल्या निर्णयाच्या जागांवर स्वतः अपंगत्व असलेली माणसं आहेत का? आज तिथे राहणाऱ्यांना काय जेवायचं, किती वाजता झोपायचं हे कोण ठरवतं? संडासाला आतून कडी आहे का? बाहेर पडायला कुणाची परवानगी लागते? शिकून बाहेर पडलेल्यांपैकी दोघा-तिघांचे नंबर देतील का?

आणि तो दिवसाचा कागद पुढे ठेवा. 'यातली ही सहा कामं आहेत. यातलं तुम्ही काय शिकवू शकाल, किती दिवसांत?' असं नेमकं विचारा. चांगली संस्था कागद हातात घेऊन प्रश्न विचारायला लागते. नुसतं 'आणा, बघू' म्हणणाऱ्या ठिकाणी जरा थांबून विचार करा.

हे असं विचारणं उद्धटपणा नाही, हा हक्क आहे. १९७२मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात अपंग तरुणांनी स्वतः चालवलेलं पहिलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं. त्यात पुढे असलेले एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हलू शकत नव्हते आणि श्वासासाठी यंत्रावर अवलंबून होते. मदत कितीही लागो, ती कशी हवी हे मदत घेणाऱ्याने ठरवायचं, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. आणि आपल्या २०१६च्या कायद्याचं पाचवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुक एका ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही, आणि घरी मदतनीसासारख्या सेवा तिला मिळायला हव्यात. वसतिगृहात ठेवणं हा एक पर्याय आहे, काही घरांना तो लागतोही, पण पहिलाच पर्याय तो कशाला?

इथे पालकत्वाबद्दल थोडं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही येतो आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. ती नक्की काढा. मात्र पालकत्वाचा अर्ज 'सगळे काढतात म्हणून' काढू नका. जो स्वतः सही करू शकतो, समजून होकार-नकार देऊ शकतो, त्याच्या हातातून सही काढून घेऊ नका. अंध व्यक्तीला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २००८मध्येच बँकांना सांगून ठेवलंय. काउंटरवर 'घरच्यांना घेऊन या' म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी कारण मागा.

सहावं काम: मदतनीस

उरलेल्या सहा कामांसाठी माणूस कोण? आई आणि बहीण हे उत्तर आपल्याकडे इतकं सहज येतं की पुढचा विचारच होत नाही. आईची कंबर गेली, मी नोकरी सोडायच्या बेतात होते, आणि भावाला दोघींच्या थकव्याचं ओझं वाटायचं.

आम्ही सकाळी दोन तास आणि रात्री एक तास मदतनीस ठेवला. चोवीस तासांचा माणूस लागतो असं ब्युरोवाले सांगत होते, पण कागद समोर होता, म्हणून तीन तास पुरतात हे आम्हाला ठाऊक होतं. मुलाखत भावाने घेतली, पगार तो देतो, सुट्टी त्याच्याकडे मागितली जाते. उचलताना हात कुठे धरायचा हे तोच शिकवतो. पहिल्याच दिवशी मदतनीसाने मला विचारलं, 'दादांना आंघोळ कधी घालू?' मी म्हटलं, 'दादांनाच विचारा.' त्यानंतर ते मला विचारायचे थांबले.

माणूस न आल्यास काय, ही यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या यादीत शेजारच्या काकू, वॉचमन आणि मी, असे तिघे आहेत. एक किल्ली काकूंकडे असते.

सातवं काम: पैसे आणि प्रवास

यावर थोडक्यात लिहिते. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५मध्ये १,५००वरून २,५०० रुपये झालं. अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,०००. महापालिकांनी स्वतःच्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, त्यातून ठाणे आणि नवी मुंबई पालिकेच्या योजना निघतात. समाजकल्याण किंवा दिव्यांग विभागात जाऊन चालू वर्षाचे अर्ज कधी सुरू होतात ते विचारा. प्राप्तिकरात जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला ८०यू कलमाखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. नोकरीच्या मार्गदर्शनासाठी शीव-चुनाभट्टीला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे.

ट्रान्स हार्बरवर दिव्यांग डबा कुठे थांबतो ते आधी सोबत जाऊन बघा. अंध प्रवाशांना तो सापडावा म्हणून बऱ्याच स्थानकांवर बीप वाजते. पहिल्यांदा गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी बारा-एकला ठाण्याहून ऐरोलीला जाऊन परत या. लिफ्ट कुठल्या फलाटावर आहे, डब्यात चढायला किती उंची आहे, मदत कुणाला मागायची, हे सगळं त्या एका फेरीत कळतं.

आठवं काम: राहून बघणं

एकदम सामान हलवू नका. भाऊ ऐरोलीच्या घरी आधी दोन रात्री राहिला, मग आठवडा, मग महिना. पहिल्या रात्री मी खाली गाडीत बसून होते. त्याला ते कळल्यावर त्याने फोन करून घरी पाठवलं. प्रत्येक फेरीनंतर दिवसाचा कागद परत काढायचा आणि जे अडलं ते लिहायचं. पहिल्या फेरीत मोबाइल जमिनीवर पडला आणि उचलता येईना, म्हणून लांब दांड्याचा चिमटा घेतला आणि फोनला गळ्यातली दोरी लावली. दुसऱ्या फेरीत दूधवाल्याची पिशवी दाराच्या कडीला उंच लटकलेली होती, तिथे खाली आकडा ठोकला. तिसऱ्या फेरीत लिफ्ट देखभालीसाठी बंद होती. तो संध्याकाळपर्यंत खालीच, गेटजवळ, आणि पाठीखाली दाब यायला लागलेला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कमिटीच्या ऑफिसात गेला आणि लेखी पत्र दिलं. आता लिफ्टचं काम असलं की आदल्या दिवशी सेक्रेटरींचा मेसेज थेट त्याच्या मोबाइलवर येतो, आणि त्या दिवशी तो घरून काम करतो.